डावं पान बोटीचं, उजवं पान घराचं : फिरतीवरच्या बाबांचं चरित्र कसं लिहावं

ज्यांचे वडील किंवा आजोबा जन्मभर फिरतीवर होते आणि आता त्यांच्याविषयी काहीतरी लिहून ठेवावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते, आमच्या मालवणीत 'बोटीर'. विशीत मुंबईला गेले, डेकवर खलाशी म्हणून लागले, पुढे सुकाणी, म्हणजे सुकाणू धरणारे झाले, शेवटची वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम होते आणि १९९६ साली कायमचे घरी आले. त्यांच्या वर्षश्राद्धाला चार पानांची का होईना, पुस्तिका काढायची असं भावंडांचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणजे मला लिहिता येतंच, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. चार पानांचं बरंच लांबलं. माझी उदाहरणं बोटीवरची आहेत, पण वडील लष्करात, रेल्वेत किंवा आखातात असले तरी रीत फारशी बदलत नाही.

लिहायला बसलं की पहिला मोह होतो देशांची यादी करायचा. बाबांनी जपान पाहिलं, अमेरिका पाहिली, रशिया पाहिला. दुसऱ्या ओळीला वाचणाऱ्याला जांभई येते, आणि यादी तशी खरीही नसते. मालवाहू बोटीवरच्या माणसाने देश कुठला पाहायला! त्याने धक्का पाहिलेला असतो, क्रेन, गोदामं आणि गेटाबाहेरचं एखादं दुकान. शेजारचे मास्तर मोठ्या कौतुकाने विचारायला यायचे तेव्हा बाबा म्हणायचे, "दर्यात काय असता बघूक? पाणी."

म्हणून सांगते, एक जाडजूड वही घ्या. उघडली की डावं पान बोटीचं, उजवं पान घराचं. डावीकडे ते कुठे होते, उजवीकडे त्याच महिन्यात घरी काय चाललं होतं. नुसतं डावं भरलंत तर टूर कंपनीचं पत्रक होतं आणि नुसतं उजवं भरलंत तर रडगाणं.

नली शोधा

डाव्या पानाची सुरुवात आठवणींनी करू नका, कागदांनी करा. प्रत्येक बोटवाल्याकडे सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट) असते, खलाशी तिला नली म्हणतात. पासपोर्टासारखी पुस्तिका. ट्रंकेच्या तळाशी, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर किंवा देवघराच्या खणात सापडेल. तिच्यातली एकेक नोंद म्हणजे एकेक बोट. बोटीचं नाव, तिचा क्रमांक, टनेज, माणसाचा हुद्दा, साइन ऑन (बोटीवर रुजू) कुठे आणि कधी, साइन ऑफ (बोटीवरून मोकळा) कुठे आणि कधी, आणि शेवटी काम कसं, वागणूक कशी यावर कॅप्टनचा शेरा. बाबांच्या नलीत पानोपानी 'व्हेरी गुड'चा शिक्का आहे. या शिक्क्यावर फार भाळू नका, तो बहुतेकांना मिळतो. एखाद्या पानावर तो नसेल किंवा हाताने वेगळं काही लिहिलेलं असेल, तर तिथे थांबा आणि चौकशी करा.

नोंदींच्याही आधी पहिलं पान नीट वाचा. जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली आहे असं खुशाल समजा. खरी तारीख घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मोठा पाऊस झालेला त्या वर्षी" असं काहीतरी ती सांगेल, आणि साल कळलं की जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. पत्त्यात 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर गोंधळू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीची मालवण-वेंगुर्ल्याची सगळी माणसं कागदोपत्री रत्नागिरीचीच. आणि ओळखीची खूण अजिबात सोडू नका. बाबांच्या नलीत डाव्या अंगठ्यावर व्रण अशी नोंद आहे. तो व्रण जन्मभर आमच्या डोळ्यांसमोर होता आणि कुणी कधी विचारलं नाही. आत्याला विचारलं तर कळलं, नववीत असताना नारळाचं सोडणं सोलताना कोयता लागला होता, आणि ते सोडणं शेजाऱ्याच्या माडाचं होतं. बाबांच्या पुस्तिकेचं पहिलं वाक्य मला असं एका सरकारी रकान्यातून मिळालं.

आता बोटी. बोटींची नावं बदलतात. कंपनीने विकली, दुसऱ्या देशाचं निशाण चढलं, की नवं नाव रंगवतात. म्हणून नावापेक्षा क्रमांक धरा. सात आकडी आयएमओ क्रमांक १९८७ पासून आला आणि बोट तोडली जाईपर्यंत तो बदलत नाही. त्याआधीच्या नोंदींत बोटीच्या नोंदणीचा ऑफिशियल नंबर असतो. जुन्या बोटींचे फोटो आणि इतिहास जमवणारे हौशी लोक जगभर आहेत, त्यांच्या संकेतस्थळांवर नाव, क्रमांक आणि साल टाकलं की बोट कुठल्या गोदीत बांधली, कुणाकुणाकडे गेली, कुठे तोडली हे बऱ्याचदा निघतं. भारतीय बोटींची ओळख नावावरूनही पटते. 'जल' अशी सुरुवात असेल तर बहुधा सिंदिया या भारतीय बोट कंपनीची, जिची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली होती. 'विश्व' असेल तर बहुधा शिपिंग कॉर्पोरेशनची, म्हणजे १९६१ नंतरची. बोटीचा शेवटही टिपून ठेवा. बाबांची एक बोट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली हे मला ते गेल्यावर कळलं. त्यांना कळलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. माणसांपेक्षा बोटींवर त्यांचा जीव जास्त असायचा, असं आई म्हणते.

नली हरवली असेल तर अलॉटमेंटचा माग काढा. बोटवाल्याच्या पगाराचा ठरलेला हिस्सा दर महिन्याला घरी यायचा, मनिऑर्डरने किंवा बँकेत. मनिऑर्डरीच्या पावत्या आणि जुनी पासबुकं यांवरून कुठल्या महिन्यांत माणूस बोटीवर होता हे सरळ दिसतं. पैसे यायचे थांबले, म्हणजे माणूस घरी आला. कंपनीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. मी एका कचेरीत पत्र घेऊन गेले होते. जुनी रजिस्टरं पावसात भिजली म्हणून टाकून दिली, असं तिथल्या साहेबांनी चहा पाजून सांगितलं.

नकाशा आणि तारखा

बंदरांची नावं आजच्या नकाशात सापडत नाहीत म्हणून वडिलांना खोटं पाडू नका. त्यांचं सायगाव आता हो ची मिन्ह सिटी आहे, लोरेन्सो मार्क्विस म्हणजे मापुतो, रंगून म्हणजे यांगोन, लेनिनग्राड म्हणजे सेंट पीटर्सबर्ग, आणि १९७१ च्या आधी चितगाव पूर्व पाकिस्तानात होतं. पुस्तिकेत मी त्यांच्या तोंडचं नाव ठेवलं आणि आजचं नाव पहिल्यांदा येईल तिथे एकदाच दिलं.

तारखांना जगाचा इतिहास लावून बघा, बरंच काही उलगडतं. सुएझ कालवा १९६७ च्या जूनमध्ये बंद झाला तो थेट १९७५ च्या जूनमध्ये उघडला. त्या आठ वर्षांत मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटीला आफ्रिकेला वळसा घालावा लागायचा. लंडनपर्यंत जायला साडेचार हजार सागरी मैलांच्या आसपास जादा फेरा, आणि परत येताना पुन्हा तेवढाच. १९६९ च्या पत्रात बाबांनी 'यंदा गणपतीस येणे होत नाही, राग मानू नये' एवढंच लिहिलंय. आजोबांनी तो राग पुढे कितीतरी वर्षं मानला. नकाशावर बोट फिरवून बघितलं तर त्या वर्षी भाद्रपदात बाबांची बोट केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या आसपास कुठेतरी होती. तिथेही त्यांना उतरायला मिळालेलं नाही. भारताने १९४६ पासूनच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद ठेवला होता. केप टाऊनचा तो सपाट डोंगर त्यांनी दुर्बिणीतून पाहिला, बस.

वडील डायरी लिहीत असतील तर आणखी एक सांगून ठेवते. जपानहून अमेरिकेला जाताना पॅसिफिकमध्ये दिनरेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते आणि उलट येताना एक तारीख गळते. डायरीत एका तारखेची दोन पानं दिसली तर तुमच्या बाबांनी त्या दिवशी दारू घेतली होती असा निष्कर्ष काढू नका. (आमच्या भावाने काढला होता.)

फोटोत माणसाच्या मागे बघा

फोटोत सगळे माणूस बघतात. तुम्ही मागचा बोया बघा. बोटवाल्यांना लाइफबोयाजवळ उभं राहून फोटो काढायची भारी हौस, आणि बोयावर बोटीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, खाली नोंदणीचं बंदर. आमच्याकडच्या एका फोटोत बाबांचा हात नेमका अर्ध्या नावावर आहे. दिसतात ती शेवटची तीन अक्षरं आणि खाली 'बॉम्बे'. नलीतल्या बोटींशी ताडून बघितलं, तीन अक्षरं एकाच नावाला जुळली आणि फोटोचं साल सापडलं. धुराड्याचा रंग आणि त्यावरचे पट्टे हीसुद्धा कंपनीची खूण असते, म्हणजे रंगीत फोटो असेल तर. फोटो उलटा करा, मागे स्टुडिओचा शिक्का असू शकतो. काही जुन्या परदेशी प्रिंटांच्या पांढऱ्या किनारीवर बारीक अक्षरांत महिना आणि साल छापलेलं असतं. ते प्रिंट काढल्याचं, काढण्याआधी रोल कॅमेऱ्यात किती महिने पडून होता ते देव जाणे.

हे काम एप्रिल-मेत करा. आमच्या कोकणात श्रावणात आल्बम उघडला की फोटो प्लास्टिकला चिकटून सोलतात. चिकटलेला फोटो ओढायचा नाही, आहे तसाच मोबाइलवर टिपायचा आणि मग कुणा जाणत्याला दाखवायचा. काचेला चिकटलेल्याचंही तेच. नली, पत्रं, फोटो यांतलं काहीही लॅमिनेट करू नका. सेलोटेप तर लावूच नका, दहा वर्षांनी तिचा पिवळा डाग कागद खाऊन टाकतो. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही.

सोबती

बाबांच्या बरोबरीचे लोक हयात असतील तर वही बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे जा, कागद कुठे पळून जात नाहीत. फक्त "जपान कसं होतं?" असं विचारू नका. "चांगला होता" एवढंच उत्तर मिळेल. पहिल्या ॲडव्हान्सचं काय घेतलंत? भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, कोण होता आणि काय बिघडवायचा? बारा ते चारच्या वॉचला झोप कशी आवरायची? पत्र लिहून कोण द्यायचं? हातात एखादी वस्तू घेऊन जा. मी बाबांचा जुना नॅशनल टेपरेकॉर्डर घेऊन गेले, तर त्यांचे एक सोबती तासभर त्याच टेपरेकॉर्डरवर बोलले. कुठल्या बंदरात घेतला, दुकानदाराने पहिला भाव काय सांगितला, कस्टमच्या टेबलासमोर कोणाच्या पोटात कसा गोळा आला. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण विचारून.

भंडाऱ्याला शोधून काढता आलं तर सोडू नका. कोण रुसून जेवत नव्हतं हे सारंगाला आठवत नसतं, भंडाऱ्याला आठवतं. आणि फक्त गाववाल्यांवर थांबू नका. बाबांच्या बोटींवर डेकला रत्नागिरीकडचे मुसलमान आणि आमच्याकडचे लोक, सलूनला, म्हणजे साहेबांच्या जेवणाखाण्याच्या कामाला, गोंयकार. बार्देशातल्या एका म्हाताऱ्या स्टुअर्डने मला सांगितलं की बाबा रेडिओवर घरची बातमी लागेल म्हणून रेडिओ ऑफिसरच्या दाराशी उभे राहायचे. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे, तेव्हा त्यांना एवढंच कळलं की महाराष्ट्रात धरणीकंप झालाय. कुठे, किती, काही नाही. आम्ही सुखरूप आहोत हे पत्र त्यांना पुढच्या बंदरात एजंटाकडे मिळालं. ही गोष्ट बाबांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

उजवं पान

या पानाला वेळ द्या. डावं पान कागदांवरून उभं राहतं, उजव्याला कागद नसतात, आणि ते बहुतेक घरांत आईचं असतं. माझ्या आईला "बाबांबद्दल सांग" म्हटलं तर ती म्हणाली, "ते घरात होते कधी?" मग मी प्रश्न फिरवला. बाबा नसताना छप्पर कोणी शाकारलं? दाईला कोण बोलवायला गेलं? जमिनीची वाटणी झाली तेव्हा आपल्या बाजूने कोण बोललं? मोठ्या भावाचं नाव कोणी ठेवलं, आणि बाबांना ते कधी कळलं? पत्र पोचून उत्तर येईपर्यंत बारसं होऊन गेलेलं. बाबांनी पत्रात वेगळंच नाव सुचवलं होतं, आणि आई थोरल्याला रागावली की अजून त्या दुसऱ्या नावाने हाक मारते.

कधी कधी दोन्ही पानांना एकच गोष्ट सापडते. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेतून पीएल-४८० चा, म्हणजे तिथल्या सरकारच्या धान्य-मदतीच्या कायद्याखालचा गहू येत होता आणि बाबा तेव्हा ह्यूस्टन, गॅल्व्हेस्टनहून गहू आणणाऱ्या बोटीवर होते. इकडे आमच्या रेशन दुकानात तो तांबडा गहू. भाताच्या मुलखात त्याचं करायचं काय हे कुणाला धड कळत नव्हतं. सुपात घेऊन निवडताना आई शेजारणींना सांगायची, "हो ह्यांच्या बोटीतलो." खरंच त्यांच्या बोटीतला होता की नाही, कोण सांगणार! पण हे वाक्य मी दोन्ही पानांवर लिहिलंय.

येण्याजाण्याचं वर्णन आईकडूनच घ्या. जगातल्या मोठमोठ्या गोद्या पाहिलेला माणूस शेवटी मुंबईच्या किनारी बोटीने मालवणला यायचा. बोट बाहेर उभी राहायची आणि ट्रंका-बोचक्यांसकट पडावात, म्हणजे लहान होडीत उतरावं लागायचं. किनाऱ्यावर अर्धा गाव. त्या ट्रंकेत काय काय होतं हे गावातल्या प्रत्येकाला आजही पाठ आहे, नायलॉनच्या साड्या, यार्डलेची पावडर, ओल्ड स्पाइस. ही यादी मात्र जरूर द्या, कारण ती वाचताना म्हाताऱ्या बायका एकमेकींना दुरुस्त करतात आणि त्यातून आणखी माहिती मिळते.

नातवंडांना वेगळं बसवा

नातवंडांचा आजोबा निराळा असतो. मला सायकल काकांनी शिकवली, बाबा तेव्हा ओडेसाला होते. माझ्या मुलीला मात्र आबांनी शिकवली, मागे धावत, लुंगी खोचून. तेव्हा मुलांच्या आठवणींवर आपल्या आठवणींचा रंग चढू देऊ नका. एकेकाला वेगळं बसवा आणि बोलतील तसं उतरून घ्या, शुद्धलेखन पुढे बघता येतं.

भाचा म्हणाला, "आबा जेवताना ताटाखाली ओलं फडकं घालायचे." आम्ही ते रोज बघत होतो, म्हणून आम्हाला ते दिसतच नव्हतं. बोट हलायला लागली की ताट घसरू नये म्हणून मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करतात, त्याची ती सवय. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, घर जांभ्या दगडाचं, तरी फडकं होतंच. मुलीला त्यांनी बोलाइनची गाठ शिकवली होती, ती आता पुण्याच्या हॉस्टेलवर कपड्यांची दोरी त्याच गाठीने बांधते. धाकट्या पुतण्याला फक्त एवढंच आठवतं की आबा पहाटे साडेतीनला उठून अंगणात उभे राहून आभाळ बघायचे आणि त्याला भीती वाटायची. तीही लिहिली.

काय गाळावं

सगळंच लिहायचं नसतं. माझा नियम साधा आहे, हयात माणसाला उत्तर द्यावं लागेल असं काही लिहायचं नाही. वाटणीची तारीख आणि कोणाला काय मिळालं एवढं लिहिलं, कोणी काय म्हटलं ते नाही. दारू, कर्ज, आजोबांशी धरलेला अबोला हे मात्र लिहिलं, कारण ते गाळून जो उरतो तो आमचा बाप नव्हे. 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'मनमिळाऊ' हे शब्द शोधून शोधून काढून टाका. ते वर्तमानपत्रातल्या चौकटीसाठी ठीक आहेत, तिथे शब्दाला पैसे पडतात म्हणून.

छपाई

प्रेसवाल्याकडे जाण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर जोडाक्षरांची वाट लागते. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, त्यात ते बारीक होतात. पेन ड्राइव्ह न्या, किंवा व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नली आणि पत्रं स्कॅन करून भावंडांपैकी किमान दोघांकडे ठेवा, आणि मूळ कागद कोणाकडे राहणार हे पुस्तिका वाटण्याआधीच ठरवा, नंतर ठरत नाही. प्रती लागतील त्यापेक्षा थोड्या जास्त काढा, कारण ज्यांना कधी वाचायची सवय नाही तेच दुसरी प्रत मागतात.

शेवटी चार पानं कोरी सोडा आणि वर 'दुरुस्त्या' असं छापून घ्या. वर्षश्राद्धाच्या पंगतीतच सुरुवात होते. पडाव कोणाचा होता, टेपरेकॉर्डर सिंगापूरचा की एडनचा, बाबांना बोटीवर पहिल्यांदा कोणी लावलं. त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या एकमेकींना खोडतात. वाद घालू नका. नाव, तारीख घालून सांगणाऱ्याच्या हातूनच लिहून घ्या.